पहिलं कस्टम वॉटर कूलिंग: ऑर्डर टाकण्याआधी यादी बघून सांगा

उमरेड_रोड

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच कस्टम लूप (पंप, नळ्या, रेडिएटर स्वतः जोडून पाण्याने मशीन गार ठेवणं) करतोय. एकदा ऑर्डर गेली की बदलाबदली अवघड, म्हणून यादी आधी इथे ठेवतो.

मशीन नागपुरात आहे. दिवसा ब्लेंडरचे रेंडर, रात्री गेम्स. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०८० सुपर (झोटॅक, तीन फॅनचं), कॅबिनेट लियान ली ओ११ डायनॅमिक इव्हो, एसएमपीएस (वीजपुरवठा) ८५० वॅट. मे महिन्यात डेझर्ट कूलर चालू असतानाही खोलीत ३६ ते ३८ अंश असतात.

ठरवलेले पार्ट्स: ३६० चा एक रेडिएटर, त्याला जोड म्हणून जुन्या एआयओचा (कंपनीतून तयार येणाऱ्या बंद वॉटर कूलरचा) २४० रेडिएटर, डीडीसी पंप, १४ मिमी पीईटीजी (एक प्लास्टिक) हार्ड ट्यूब, पांढरा पेस्टल कूलंट, प्रोसेसर आणि कार्डाचे निकेलचा मुलामा दिलेले ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे), १० फिटिंग (नळीचे जोड).

प्रश्न असे. एवढे रेडिएटर पुरतील का? पाणी आधी कार्डाकडे न्यावं की प्रोसेसरकडे? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालेल का? आणि डेझर्ट कूलरच्या दमट हवेमुळे ब्लॉकवर दव साचेल का?

---

पितळी_फिटिंग

तीन गोष्टी यादीतून आधी काढा: एआयओचा रेडिएटर, पीईटीजी आणि पांढरा कूलंट. बाकीचं जुळवता येईल.

एआयओचे रेडिएटर जवळजवळ सगळे ॲल्युमिनियमचे असतात आणि तुमचे ब्लॉक आतून तांब्याचे आहेत. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य ती झीज लांबवतं, थांबवत नाही. आधी ब्लॉकच्या बारीक खाचांत राखाडी चिकट गाळ बसतो, प्रवाह मंदावतो आणि शेवटी रेडिएटरला टाचणीएवढं भोक पडतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘संपूर्ण किट’मध्येही बहुतेक वेळा हाच घोळ असतो. तांब्याच्या फिन (पातळ पत्र्या) आणि तांब्याच्या किंवा पितळी नळ्या असं स्पष्ट लिहिलेलाच रेडिएटर घ्या. अल्फाकूलचा एसटी३० किंवा हार्डवेअर लॅब्जचा नेमेसिस जीटीएस ही त्यातली सरळ उदाहरणं.

आता उष्णतेचा हिशेब. कार्ड ३२० वॅट. प्रोसेसरची कमाल मर्यादा १६२ वॅट, पण कार्डावर रेंडर चालू असताना तो तेवढा खेचत नाही. तरी दोन्ही मिळून ४७० वॅट धरा. साधारण अंदाज असा की १००० ते १२०० आरपीएमवर रेडिएटरचा १२० मिमीचा (एका फॅनचा) भाग ८० ते १०० वॅट बाहेर टाकतो आणि पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं. एकट्या ३६० वर प्रत्येक भागाला दीडशेहून जास्त वॅट येतात. म्हणजे त्याच वेगाला पाणी खोलीच्या १६ ते १९ अंश वर जाणार. पुण्यात डिसेंबरमध्ये हे खपून जाईल. तुमच्या मे महिन्यात ३८ अधिक १८ म्हणजे ५६ अंश होतात, आणि पंप, नळ्या, टाकी यांची सांगितलेली मर्यादा बहुधा ६० ची असते. तेवढ्या काठावर लूप चालवू नका. दोन ३६० घ्या: एक वर, एक बाजूला. बाजूच्या आणि तळाच्या फॅननी हवा आत घ्या, वरच्यांनी बाहेर टाका. वरच्या रेडिएटरला थोडी कोमट हवा मिळेल, पण टाकी आणि पंपाला तळात मोकळी जागा राहते, आणि पहिल्या लूपला ती मोकळीक फार उपयोगी पडते.

माप घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘३६०’ हा आकडा फॅनचा (१२० मिमीचे तीन) असतो. रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे कप्पे धरून लांबी ३९० ते ४०० मिमी होते. आणि ३० मिमी रेडिएटर अधिक २५ मिमी फॅन म्हणजे वरून ५५ मिमी खाली येणार, तेव्हा मदरबोर्डच्या व्हीआरएमचं (वीज पुरवणाऱ्या सर्किटचं) हीटसिंक आणि रॅमची उंची पट्टीने मोजा. फिनची दाटी इंचाला १६ च्या आसपास असू द्या. फार दाट फिनना वेगवान फॅन लागतात आणि उन्हाळ्यातली धूळ त्यांतून निघता निघत नाही.

पीईटीजी गरम पाण्यात मऊ पडतं. ५० अंशांच्या वर दिवसभर राहिलं की फिटिंगच्या रिंगखाली नळी दबते, आकार बदलते आणि ओ-रिंगवरून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवरून) सरकते. हार्ड ट्यूबच हवी असेल तर ॲक्रिलिक घ्या, पण पहिल्या लूपला सॉफ्ट ट्यूबच घ्या. पहिला लूप तुम्ही वर्षभरात दोन-चार वेळा तरी उघडणार, आणि मऊ नळीला तिथे कापाकापी पुन्हा करावी लागत नाही. आत १० मिमी, बाहेर १६ मिमी, काळी ईपीडीएम (रबरी) नळी. १०/१३ ची भिंत पातळ असल्याने वळणावर ती चिमटते. पारदर्शक पीव्हीसी नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ गरम पाण्यात सुटतो आणि प्रोसेसर ब्लॉकच्या खाचांत पांढरट साय बनून बसतो. ईपीडीएममधून बुडबुडे दिसत नाहीत, पण ही कटकट राहत नाही.

पंप डी५ घ्या, टाकी जोडलेलाच. डीडीसीचा दाब चांगला असतो, पण त्याचं सर्किट तापतं, खाली हीटसिंक लागतं आणि आवाजही जास्त जाणवतो. तुमच्या खोलीच्या तापमानाला डी५ जास्त शांतपणे टिकेल. वीज थेट एसएमपीएसवरून द्या. वेगाची बारीक वायर मात्र मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरला लावा, म्हणजे पंप थांबला तर बोर्ड सुरू होतानाच तक्रार करेल.

क्रमाचं उत्तर सोपं आहे: पंपाच्या आधी टाकी हवी, बाकी नळी जशी सरळ जाईल तसा क्रम ठेवा. तासाला २०० लिटर प्रवाह असेल तर ४७० वॅटनी पाणी एका फेरीत फक्त २ अंश तापतं. म्हणून आधी कार्ड की आधी प्रोसेसर यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. प्रवाह ६० लिटरवर घसरला तर मात्र हाच फरक पावणेसात अंशांचा होतो. तेवढा घसरला तर लूपमध्ये काहीतरी अडकलंय असं समजा.

दव साचणार नाही. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, आणि दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार लागतो. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका एवढंच. बोअरच्या पाण्याचे तुषार सुकले की फिनवर क्षार जमतात.

---

थर्मल_पॅड

पितळी_फिटिंग यांच्याशी सहमत. कार्डाच्या ब्लॉकबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते.

‘४०८० सुपरचा ब्लॉक’ असं काही नसतं. ब्लॉक चिपला नाही, कार्डाच्या पीसीबीला (सर्किट बोर्डाला) बसतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे पीसीबी वेगळे असतात, कधी एकाच मालिकेच्या दोन आवृत्त्यांचेही. कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तोच नंबर अक्षरन् अक्षर जुळतो का बघा. यादीत नसेल तर विक्रेता ‘बसेल’ म्हणाला तरी घेऊ नका. पहिली ऑर्डर ह्या ब्लॉकची टाका. तोच मिळत नसेल तर बाकी लूपला फारसा अर्थ उरत नाही.

वॉरंटीबद्दल भारतातल्या वितरकाला आधी मेल करा आणि उत्तर लेखी घ्या. स्क्रूवर सील असेल तर त्याचाही उल्लेख मेलमध्ये असू द्या. मूळ हीटसिंक, फॅन, स्क्रू आणि जुने थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या) पिशव्यांत नावं लिहून ठेवा. कार्ड परत पाठवायची वेळ आली तर ते मूळ रूपात पाठवावं लागतं.

बसवताना पॅडची जाडी ब्लॉकच्या पत्रकात दिली असेल तीच वापरा. १ मिमीच्या जागी १.५ गेला की ब्लॉक चिपवरून उचलला जातो. पातळ गेला तर मेमरी किंवा व्हीआरएम कोरडं राहतं. म्हणून पेस्ट लावून, स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळून एकदा बसवा, पुन्हा काढा आणि बघा: चिपवर पेस्ट सगळीकडे पसरलीय का, प्रत्येक पॅडवर चिपचा ठसा उमटलाय का. ठसा नसलेली जागा तिथेच सापडते. मग नवी पेस्ट लावून कायमचं बसवा. लूप चालू झाल्यावर चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांत १० ते १५ अंशांचा फरक ठीक आहे. २५ च्या पुढे गेला तर ब्लॉक नीट बसलेला नाही.

ॲक्रिलिकचा ब्लॉक किंवा टाकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कधीही पुसू नका. बारीक तडे जातात आणि ते आवळताना उघडतात. तांब्याचा तळ अल्कोहोलने पुसा, ॲक्रिलिकला साधं पाणी आणि मऊ फडकं.

---

कोरडा_सॉकेट

थोडं वेगळं मत. प्रोसेसर लूपमध्ये घ्यायचाच कशाला?

९८००एक्स३डी मध्ये अडचण उष्णता वाहून नेण्याची नाही. इवल्याशा सिलिकॉनमधून ती वरच्या झाकणापर्यंत येणं हाच अडसर आहे. गेममध्ये तो बहुतेक वेळ १०० वॅटच्या आतच असतो आणि चांगला दोन टॉवरचा एअर कूलर तेवढं सहज पेलतो. खरा फायदा कार्डाला होतो: चांगल्या ब्लॉकवर चिप पाण्यापेक्षा १० ते १५ अंशच वर राहते आणि तीन फॅनचा आवाज जातो. फक्त कार्ड घेतलंत तर एक ब्लॉक आणि दोन-चार फिटिंग वाचतात, सॉकेटवर पाणी सांडायची भीतीही जाते. तो पैसा दुसऱ्या ३६० ला द्या.

प्रोसेसर घ्यायचाच असेल तर एएम५ (या प्रोसेसरचं सॉकेट) साठी ऑफसेट माउंट असलेला ब्लॉक बघा. या चिपची गरम बाजू मधोमध नसते, खालच्या कडेला सरकलेली असते. आणि ब्लॉकवर लिहिलेल्या ‘इन’ पोर्टमध्येच पाणी सोडा. जेट प्लेट (खाचांवर पाण्याचा झोत सोडणारी पट्टी) उलट्या दिशेला काम करत नाही.

---

उमरेड_रोड

खूप आभार. प्रोसेसर घेतोय, कारण सिम्युलेशन त्याच्यावरच बेक होतात (आधीच मोजून साठवली जातात) आणि तेव्हा तो तासन्‌तास पूर्ण लोडवर असतो. दोन ३६०, डी५, १०/१६ ईपीडीएम पक्कं. फिटिंग किती मागवू? पाण्याचं नक्की काय करू? आणि फॅनचा वेग कशावर बांधायचा?

---

पितळी_फिटिंग

सिम्युलेशन असेल तर प्रोसेसर घेणं बरोबर.

फिटिंग असे मोजा. पाच वस्तू (दोन ब्लॉक, दोन रेडिएटर, पंप-टाकी), प्रत्येकी दोन पोर्ट, म्हणजे १० सरळ कॉम्प्रेशन फिटिंग, १०/१६ मापाचेच. त्याशिवाय २ जादा. ९० अंशांचे फिरते ४, कारण १६ मिमीची नळी ओ११ मध्ये कार्डापासून रेडिएटरपर्यंत आखूड वळणं घेत नाही. आणि तुमच्या यादीत नसलेली, पण सगळ्यात गरजेची गोष्ट: ड्रेन. एक टी, त्याला पंपाच्या पोर्टवर बसवायला दोन्हीकडे बाहेरचे आटे असलेला एक जोड, एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक प्लग. पंपातून पाणी बाहेर पडतं तिथे टी लावा, एका तोंडाला पुढे जाणारी नळी, दुसऱ्याला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह लूपच्या सर्वांत खालच्या पातळीला असायला हवा आणि त्याखाली नळी लावायला हात जाईल एवढी जागा हवी. ड्रेन नसेल तर रॅमची एक पट्टी बदलायलाही अर्धा लूप ओला करावा लागू शकतो.

आटे जी १/४ (पाव इंची, सरळ). हार्डवेअरच्या दुकानात हवेच्या पाइपाचे पाव इंची जोड दिसतात, ते घेऊ नका. ते बरेचदा निमुळत्या आट्याचे असतात आणि ॲक्रिलिकमध्ये आवळले की तडा देतात. टेफ्लॉन टेपही नको. इथे पाणी ओ-रिंग अडवते, आटे नाही. टेपचे तुकडे सुटून थेट ब्लॉकच्या खाचांत जातात. हाताने घट्ट, त्यावर फार तर पाव फेरा.

फॅन प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नका. तो सेकंदात २० अंश उडी मारतो आणि फॅन सारखे वर-खाली होतात. पाण्यात जी १/४ चा सेन्सर लावा, आणि नागपूर असल्याने आणखी एक हवेचा सेन्सर फॅनच्या आत येणाऱ्या बाजूला. नुसत्या पाण्याच्या आकड्यावर कर्व्ह केला तर उन्हाळाभर फॅन पूर्ण वेगात आणि हिवाळाभर झोपलेले राहतील. पाणी वजा हवा, या फरकावर बांधा: ५ अंशांना ६०० आरपीएम, १० ला १०००, १५ ला १५००. अ‍ॅक्वा कॉम्प्युटरच्या क्वाड्रोसारख्या कंट्रोलरवर अशी वजाबाकी करता येते. पाण्याचं तापमान ५५ ला पोचलं की मशीन बंद व्हावं, ही सोयही त्याच वेळी करून ठेवा.

---

टीडीएस_शून्य

पाण्याबद्दल.

बॅटरीचं पाणी म्हणून जे विकतात त्यात कधी खरं डिस्टिल्ड असतं, कधी क्षार काढलेलं, कधी सुट्या कॅनमध्ये पुन्हा भरलेलं. सीलबंद कॅनच घ्या. घरात आरओ असेल तर टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बहुधा असेल. तो ० किंवा फार तर २ दाखवायला हवा. त्याने आम्ल कळत नाही, म्हणून पीएचची पट्टीही बुडवून बघा. आरओच्या नळाचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात क्षार उरतात, ते लूपमध्ये नको.

तरी पहिल्या लूपला तयार पारदर्शक कूलंट घ्या: त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही योग्य प्रमाणात असतात. लूपमध्ये पाऊण ते एक लिटर बसेल, दोन लिटर मागवा. डिस्टिल्ड वॉटर तुम्हाला धुण्यासाठी लागणारच आहे, त्याचे पाच लिटर आणा. पांढऱ्या पेस्टलमध्ये बारीक कण तरंगत असतात. मशीन काही दिवस बंद राहिलं की ते खाली बसतात, आणि गरम पाण्यात त्यांची गुठळी लवकर होते. कारचा कूलंट नको: रंगद्रव्यं आणि सिलिकेट ब्लॉकच्या खाचांसाठी बनवलेले नसतात, आणि पाण्यात थोडासाच मिसळला तर गंजरोधकही पुरत नाही. चांदीची कॉइल टाकायचा सल्ला कुठे वाचाल, तर निकेलच्या ब्लॉकसोबत ती टाळा.

रेडिएटर नवे असले तरी धुवा. आत डाख लावतानाचं फ्लक्स आणि धातूचा कीस राहिलेला असतो. ५०-६० अंशांचं डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरा, पोर्टला प्लग लावा, दोन-तीन मिनिटं उलटसुलट जोरात हलवा आणि पांढऱ्या कापडातून ओता. कापडावर कण येणं थांबेपर्यंत पुन्हा. काही रेडिएटर चौथ्या-पाचव्या वेळेलाच स्वच्छ निघतात. व्हिनेगर किंवा ब्लीच घालू नका. हा एक टप्पा गाळला तर महिन्याभरात प्रोसेसर ब्लॉकची खाच भरते, आणि दोष उगाच पंपावर जातो.

वर्षातून एकदा कूलंट बदला. मध्येच तो गढूळ दिसला, फेस राहिला किंवा हिरवट झाक आली तर वर्ष संपायची वाट बघू नका.

---

पितळी_फिटिंग

आता भरणं, म्हणजे धागा पूर्ण होईल.

आधी हवेने तपासा. गेज असलेला हातपंपाचा लीक टेस्टर मिळतो. लूप कोरडा असताना ०.५ बार भरा आणि अर्धा तास काटा बघा. खोलीचं तापमान बदललं तर काटा किंचित हलतो, पण सावकाश खाली येत राहिला तर कुठेतरी ओ-रिंग वाकडी बसलीय. साबणाचं पाणी बोर्डाजवळ वापरू नका, एकेक भाग वेगळा करून पुन्हा दाब द्या.

पाणी भरताना मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्कच्या सगळ्या केबल एसएमपीएसपासून काढा. फक्त पंप जोडलेला ठेवा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये १६ आणि १७ नंबरच्या पिना जोडणारा तयार ब्रिज प्लग लावा, म्हणजे एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर गुंडाळा. टाकी भरा, पाच सेकंद पंप चालवा, बंद करा, पुन्हा भरा. टाकीतली पातळी पंपाच्या तोंडाखाली जाऊ देऊ नका, कारण डी५ चं बेअरिंग त्याच पाण्याने ओलं राहतं आणि कोरडा फिरला की घासतं. पाणी परत टाकीत येऊ लागलं की पंप सलग चालू ठेवा आणि कॅबिनेट चारही बाजूंना हळूहळू कलवा. वरच्या रेडिएटरमध्ये हवा हमखास अडकते. पोर्टची बाजू वर येईल असं कलवलं की ती खळखळत टाकीत येते.

अशा अवस्थेत काही तास, जमलं तर रात्रभर चालवा. सगळे टिश्यू कोरडे असतील तेव्हाच बाकीच्या केबल जोडा. टाकीत वर थोडी हवा राहू द्या, पाणी तापलं की फुगतं. बारीक बुडबुडे निघायला दोन-चार दिवस लागतात आणि पातळी बोटभर खाली येते, तेव्हा वरून कूलंट घाला. पंप सुरुवातीला पूर्ण वेगात, हवा गेली की ६० टक्क्यांवर आणा. प्रवाह १५० ते २०० लिटरच्या दरम्यान असेल तर त्याहून वाढवून आवाजाशिवाय काही मिळत नाही.

ईपीडीएम नळी कापायला साधा कटर नको, टोक तिरपं होतं. नळी कापायची कात्री वापरा, आणि फिटिंगवर चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा.